दमणच्या गाडीमेळ्याला इंजिन बदललेली पद्मिनी न्यायची आहे, नाशिकहून पेठमार्गे

पंचवटी_पद्मिनी
जानेवारीत दमणला जुन्या आणि हॉट रॉड धर्तीच्या (जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवून बदललेल्या) गाड्यांचा मेळा आहे. गाडी १९७४ ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन प्रीमियरच्याच नंतरच्या ११८ एनई गाडीचं, म्हणजे निस्सान ए१२, ११७१ सीसी. बदल आरसीवर चढवलेला आहे. पुढून दोन इंच खाली बसवलीय, मागचे टायर रुंद. रेडिएटर मूळचा पितळी, पंखा पट्ट्यावरचा. कार्ब्युरेटर सोलेक्स, मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) १२०. ब्रेक चारही ड्रम.
पेठ-कापराडा-वापी रस्त्याने जाऊ की कसारा उतरून हायवेने? किनाऱ्यावर फोटोसाठी उतरवता येईल का? आणि गाडीला पन्नास वर्षं झाली, तर व्हिंटेज नोंदणी करून घ्यावी का?

सातपूर_फिटर
पेठनेच जा भाऊ. कसाऱ्याने गेलात तर अंतर जवळजवळ दुप्पट, वर घोडबंदरची कोंडी. पट्ट्यावरचा पंखा आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन मंद फिरत असताना, फारशी हवा ओढत नाही, त्यामुळे अशा गाडीला घाटापेक्षा कोंडी जास्त जाळते.

जाताना उतार आहे, म्हणजे ब्रेकचं काम. सावळघाट, कोटंबी आणि पुढे कापराड्याचा कुंभघाट. त्यात कुंभघाट सर्वांत वाईट, अवजड ट्रक आणि तीव्र उतार. ड्रम तापला की फुगून लायनिंगपासून लांब जातो, पॅडल खाली खाली जायला लागतं. घाट सुरू व्हायच्या आधीच सेकंडला टाका, मध्यावर गिअर शोधत बसू नका. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर पूर्ण काढा. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० च्या आसपास. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना डावं मागचं चाक आधी, मग उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. व्हील सिलिंडरचा रबर बूट उचलून बघा. आत ओल दिसली तर किट बदला, नुसतं पुसून पुढे जाऊ नका.

तापण्याचा प्रश्न परतीला, चढावर. रेडिएटर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा, थर्मोस्टॅट ८२ अंशांचा ठेवा. काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. पंख्याभोवती पत्र्याचं कडं नसेल तर सातपूरला कुणीही फॅब्रिकेटर दुपारभरात वाकवून देईल. सगळ्यांत जास्त फरक त्यानेच पडतो. आणि पितळी रेडिएटरला ७ पीएसआयच्या वरची टोपी लावू नका, वरच्या टाकीचे डाग सुटतात.

जेट_आणि_फ्लोट
वरचं सगळं बरोबर, पण अर्धं तापणं पेट्रोलमधून येतं. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आठ टक्क्यांच्या आसपास लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यात नाशिक सुमारे ६०० मीटर उंच. इथे जमवलेलं मिश्रण दमणला आणखी तीन टक्के लीन होतं, कारण खाली हवा दाट. १२० चा जेट काढून १२५ टाका. आकडा व्यासाचा असतो आणि प्रवाह क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून पाचच आकड्यांत साडेआठ टक्के इंधन वाढतं. ड्रिलने भोक मोठं करायच्या भानगडीत पडू नका. मग करंजाळीपर्यंत दाबून चालवा, इंजिन लगेच बंद करून प्लग काढा. पांढरा म्हणजे अजून लीन, तांबूस-करडा ठीक, काजळी धरली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. दमणला पोचल्यावर आयडलचा मिश्रण स्क्रू पाव आटा बाहेर, बास.

ई२० जुना रबर फुगवतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे होज आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणाऱ्या रबराचेच घ्या. चढावर गाडी गचके खाऊन बंद पडली तर बहुधा पेट्रोलची वाफ अडकली असते: ओलं फडकं पंपावर, वीस मिनिटं थांबा. स्टार्टर मारत राहिलात तर बॅटरीही जाईल. टाकी तिकडे भरलेलीच ठेवा, दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

तसं बघितलं तर तापण्याचं हे दुखणं हॉट रॉडच्या जातीला पहिल्यापासूनच आहे. १९३२ च्या फोर्डचं फ्लॅटहेड व्ही८ म्हणजे हॉट रॉडवाल्यांचं दैवत, पण त्याचे एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकच्या आतून जात असल्याने तेही तापण्यासाठी बदनामच होतं.

कागद_पक्के
व्हिंटेज नोंदणी विसरा. २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांची अट आहेच, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा ही अटही आहे. ए१२ बसवल्यावर ती संपली. शिवाय व्हीए मालिकेचा नंबर घेतला की गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरती.

२०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आरसीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचणीत येतो. रुंद टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर आधी तेच सरळ करा. आरटीओ पेठ रोडलाच आहे, फेरी मारून नूतनीकरणाची तारीख बघून घ्या. इंजिनबदल विमा कंपनीला लेखी कळवलाय ना? नसेल तर क्लेम अडकतो. आणि दमणहून बाटली आणू नका. परतीचा रस्ता गुजरातेतून आहे, तिथे दारूबंदी आहे.

पंचवटी_पद्मिनी
विमा राहिलाय, उद्याच मेल टाकतो. वाळूचं कुणी बोललंच नाही. वेल्समध्ये तर किनाऱ्यावर शर्यती लावतात ना?

खारा_वारा
ते पेंडाइन. सात मैल सपाट, ओहोटीनंतर कडक होणारी वाळू. १९२४ मध्ये माल्कम कॅम्पबेलने तिथे ताशी १४६ मैलांचा विक्रम केला. दमणच्या किनाऱ्यांपैकी जांपोरची वाळू काळी, गाळमिश्रित, देवक्याला खडक. दोन इंच खाली बसवलेली, मागच्या चाकांवर ओढणारी गाडी तिथे डिफरन्शियलपर्यंत रुतेल, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. पोलिसांची कटकट वेगळीच. फोटो रस्त्यावरूनच काढा. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट, हा हिशेब मुंबई-कोकणचा; दमणला पाणी त्यानंतर चढतं, म्हणून तक्ता बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचे तुषार बांधावरून थेट क्रोमवर येतात.

निघण्यापूर्वी क्रोमला मेण, बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. मेळ्यात बॉनेट उघडं ठेवाल तेव्हा कार्ब्युरेटरवर एअर फिल्टर हवाच, उघडं तोंड दिसायला झकास पण बारीक रेती सरळ सिलिंडरात जाते. जवळ एक किलोचा एबीसी फायर सिलिंडर ठेवा.

परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, साध्या पाइपने. प्रेशरने मारलंत तर खारं पाणी हबच्या बेअरिंगमध्ये घुसतं. मडगार्डची आतली घडी, हेडलाइटच्या वाटीमागे, दाराच्या खालची भोकं: पद्मिनी इथूनच सडते. भोकं सुईने मोकळी करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. मग दोन-चार किलोमीटर ब्रेक मारत फिरवून ड्रम वाळवा. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओले शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडाची उटी लावा.