किमतीच्या मानाने उत्तम वाइन कशी ओळखावी?

बी-३०२: नमस्कार मंडळी. गेली दोन-तीन वर्षे आम्ही दोघे अधूनमधून वाइन घेतो, पण बाटल्यांनी भरलेल्या फळीसमोर उभे राहिले की नेमके काय उचलावे हे अजूनही कळत नाही. स्वस्त बाटली पाणचट निघते आणि महाग बाटलीतून मोजलेल्या पैशांइतके समाधान मिळतेच असे नाही. ए-१०१ च्या काकांचा या विषयाचा अभ्यास आहे, म्हणून त्यांनाच विचारते: पैसे सार्थकी लागतील अशी वाइन ओळखण्याची काही रीत आहे का?

ए-१०१: रीत आहे, पण त्यासाठी बाटलीची किंमत कशाकशाची बनते हे आधी पाहायला हवे. काच, बूच, लेबल आणि वाहतूक यांचा खर्च साध्या बाटलीला जेवढा येतो, जवळजवळ तेवढाच चांगल्या बाटलीलाही येतो, आणि जिथे कर बाटलीमागे ठरावीक असतो तिथे तोही सारखाच पडतो. म्हणून सगळ्यांत स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष वाइनच्या वाट्याला फारच थोडे पैसे उरतात. तिथून एक-दोन पायऱ्या वर चढले की वाढीव रकमेचा बराच मोठा भाग द्राक्षांवर आणि मेहनतीवर खर्च झालेला असतो, आणि माझ्या मते खरा फायदा याच टप्प्यावर आहे. त्याच्याही वर ओकच्या नव्या पिंपांचा खर्च येतो. २२५ लिटरच्या एका पिंपातून जेमतेम ३०० बाटल्या निघतात आणि ही पिंपे महाग असतात, त्यामुळे तो खर्चही खराच आहे. मात्र त्यानंतर आपण दुर्मिळतेचे आणि नावाचे पैसे मोजू लागतो. द्राक्ष, पिंप आणि काळ यांचे पैसे आनंदाने द्यावेत; नावाचे शक्यतो देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सी-४०१: काका, एखाद्या प्रदेशाचे नाव उगाच होत नाही ना? फ्रान्समधल्या बोर्दो किंवा बरगंडी या प्रदेशांची वाइन लोक शतकानुशतके वाखाणत आले आहेत.

ए-१०१: उगाच होत नाही, हे मान्य. पण एकदा नाव झाले की ते दर्जापासून सुटे होऊन स्वतंत्रपणे चालू लागते. बोर्दोच्या मळ्यांची १८५५ सालची प्रसिद्ध प्रतवारी मुख्यतः त्या काळच्या बाजारभावावरून ठरवली गेली. पुढे अनेक मळ्यांच्या जमिनींची खरेदी-विक्री झाली, तरीही वरच्या श्रेणीत बढती मिळाली ती फक्त शातो मूतों रोत्शिल्ड या मळ्याला, तीही १९७३ मध्ये.

म्हणून मी नामांकित प्रदेशाच्या शेजारी शोधतो. दक्षिण फ्रान्समधल्या नामांकित शातोनफ-द्यु-पापच्या समोर, रोन नदीच्या पलीकडच्या काठावर लिराक आहे. द्राक्षांच्या जाती बव्हंशी त्याच आणि हवामानही जवळचे, पण नावाचा दबदबा कमी. बरगंडीच्या दक्षिणेला बोजोले आहे. तिथल्या गामे जातीच्या द्राक्षाला फार जुना कलंक चिकटलेला आहे, कारण १३९५ मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने ते उपटून टाकण्याचे फर्मान काढले होते. बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीवर मात्र तेच द्राक्ष फार सुंदर पिकते. तिथली दहा गावे आणि परिसर आपापल्या नावाने वाइन विकतात, आणि त्यांपैकी मॉर्गाँ किंवा मूलाँ-आ-व्हाँ यांची चांगल्या वर्षाची बाटली अनेक वर्षे मुरवत ठेवता येते.

बी-५०३: फेसाळ वाइनबाबत माझाही अनुभव असाच आहे. शॅम्पेनमध्ये फेस आणणारे दुसरे किण्वन (यीस्टमुळे साखरेचे अल्कोहोल आणि वायू होणे) प्रत्येक बाटलीत स्वतंत्रपणे होते. फ्रान्समधली क्रेमाँ आणि स्पेनची काव्हा यांनाही हीच पद्धत सक्तीची आहे. फरक मुख्यतः जागेचा, द्राक्षांचा आणि मुदतीचा आहे: साधी शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात ठेवावी लागते, तर क्रेमाँ आणि काव्हा यीस्टच्या साक्यावर, म्हणजे तळाशी बसलेल्या गाळावर, किमान ९ महिने. त्या साक्यामुळेच ताज्या भाजलेल्या पावासारखा वास येतो. इटलीची प्रोसेक्को बहुधा मोठ्या बंद टाकीत फेसाळवतात, त्यामुळे ती फळांच्या वासाची आणि हलकी लागते. ती वाईट नसते, पण शॅम्पेनची चव स्वस्तात हवी असेल तर तिथे ती मिळणार नाही.

ए-१०१: ५०३ च्या वहिनींनी साक्याचा उल्लेख केला हे उत्तम झाले. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या मुखाजवळची म्युस्कादे ही व्हाइट वाइन घेताना लेबलवर ‘स्युर ली’, म्हणजे साक्यावर, हे शब्द पाहावेत. हिवाळाभर साक्यावर राहिल्याने तिला भरीवपणा आलेला असतो. तसेच स्पेनमधल्या रिओहा प्रदेशाच्या रेड वाइनवर ‘रेसेर्व्हा’ लिहिले असेल तर ती किमान तीन वर्षे मुरलेली आणि त्यांपैकी किमान एक वर्ष ओकच्या पिंपात राहिलेली असते, तर ‘ग्रान रेसेर्व्हा’साठी पाच वर्षे आणि पिंपात किमान दोन, असा नियम आहे. म्हणजे मुरवण्याचे काम उत्पादकानेच आपल्यासाठी केलेले असते. इतर अनेक देशांत ‘रिझर्व्ह’ या शब्दाला कायद्याचे काहीही बंधन नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. जड बाटली आणि तळाचा खोल खळगा यांचाही दर्जाशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते. जी वाइन सध्या फारशी कोणाला नकोशी आहे, तिच्याकडे आवर्जून पाहावे. स्पेनमधल्या हेरेथची फिनो शेरी अनेक वर्षे पिंपात यीस्टच्या पातळ सायीखाली तयार होते आणि अगदी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, असते. शेरी म्हणजे गोडच, या समजामुळे लोक तिला हातही लावत नाहीत. रीसलिंग द्राक्षाच्या जर्मन व्हाइट वाइनचेही तेच होते, म्हणून तिथे ‘ट्रोकन’, म्हणजे कोरडी, हा शब्द शोधावा.

सी-४०१: पण आमच्यासारख्यांच्या जिभेला हा फरक कळेल का? मी तरी किंमत पाहूनच प्रभावित होतो.

ए-१०१: ते सगळ्यांचेच होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात २० जणांना तीच वाइन वेगवेगळी किंमत सांगून दिली गेली, तेव्हा किंमत जास्त सांगितल्यावर ती अधिक आवडल्याचे त्यांनी नोंदवले. एवढेच नव्हे, तर मेंदूच्या सुखानुभवाशी जोडलेल्या भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणून किंमत आधी नजरेआड करावी. आम्ही घरी तीन बाटल्यांच्या गळ्यांवरची वेष्टने पूर्ण काढली, त्या वर्तमानपत्रात मानेपर्यंत गुंडाळल्या आणि पेनाने क्रमांक घातले. पहिल्या वासाला तिन्ही सारख्याच भासल्या. वीस मिनिटांनी मात्र पहिलीचा वास पार मावळला होता आणि दोन क्रमांकाच्या ग्लासातून अजूनही चेरी व ओल्या मातीचा वास येत होता. कागद काढल्यावर दिसले की दोन क्रमांकाची बाटली बोजोलेची होती आणि पहिली त्या तिघींतली सगळ्यांत महाग होती.

बी-३०२: काका, हे आम्हालाही करून पाहायचे आहे. अजून काही काळजी घ्यावी का?

ए-१०१: तापमानाची घ्यावी. व्हाइट वाइन फार गार असली की तिचा वास दबतो, म्हणून ती पंधरा-वीस मिनिटे आधी फ्रिजबाहेर काढावी, आणि रेड तेवढाच वेळ आत ठेवावी, कारण उष्ण रेडमध्ये अल्कोहोलच पुढे येतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो बुचाचा दोष असतो, त्यावरून त्या वाइनबद्दल मत बनवू नये. बाटल्या तुम्ही निवडा, गुंडाळून क्रमांक घालण्याचे काम ५०३ च्या वहिनींकडे देऊ, म्हणजे चाखणाऱ्यांपैकी कोणालाच काही ठाऊक नसेल.