अनुभव धागा : कॉलेज सुटलं, सोरोरिटी सुटली नाही

लेकीचं कॉलेज संपलं, नोकरी लागून ती कोलंबसला गेली. कॉलेजात ती सोरोरिटीत होती, म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव लावणाऱ्या मुलींच्या संघटनेत. खोकी उघडायच्या आत तिच्या सोरोरिटीच्या तिथल्या अलम्नी चॅप्टरकडून, म्हणजे पदवी झालेल्या सभासदांच्या शाखेकडून, जेवणाचं आमंत्रण हजर! मला वाटत होतं पदवी हातात पडली की हे प्रकरण मिटलं. लेक म्हणाली, "आई, एकदा इनिशिएशन (दीक्षाविधी) झालं की जन्मभर सभासद." कॉलेजची चार वर्षं, पुढची चाळीस-पन्नास या गावोगावच्या चॅप्टरांची.

अमेरिकेत हे जुनंच आहे. कप्पा अल्फा थीटा 1870 साली इंडियानातल्या आजच्या डीपॉ विद्यापीठात निघाली. तिथे मुलींना प्रवेश मिळू लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पण पदवीनंतर या बायका एकत्र येऊन नेमकं काय करतात, ते मला कोणी धड सांगेना. म्हणून विचारते. सभासद असाल, सभासदाची आई-सासू असाल, नुसती मैत्रीण असाल, तरी लिहा. तक्रारीही लिहा, फक्त तिथे संस्थेचं आणि माणसांचं नाव नको.

प्लेनो, टेक्सास

मी लहानपणी ठाण्याहून आले. माझी सोरोरिटी देशी. 1998 च्या शेवटच्या दोन महिन्यांत ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा रो अशा तीन उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीची मी. आमच्या सगळ्यांत थोरल्या बायका आत्ता कुठे पन्नाशीकडे झुकल्यात. जुन्या संस्थांमध्ये पणजीपासून पणतीपर्यंत सगळ्या एका टेबलाशी बसतात. आमच्याकडे आजी अजून व्हायच्यात, त्यामुळे 'पूर्वीपासून असंच चालतं' म्हणायची सोय नाही. आधी नुसत्या पार्ट्या होत, मग लग्नं, मग डोहाळजेवणं. हल्ली कोणाची नोकरी गेली, कोणाचा घटस्फोट चाललाय, कोणाचे वडील हैदराबादला आयसीयूत आहेत, यावर ग्रुप जागा असतो.

माझ्या बाळंतपणाला आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. बिगने (म्हणजे कॉलेजात जिने मला हाताशी धरलं ती मुलगी) डब्यांची पाळी लावली. पंजाबी मैत्रिणीने पंजिरी आणली. मल्याळी मैत्रिणीची आई रोज येऊन बाळाला तेल लावून अंघोळ घालून जायची, भाषा एकमेकींची शून्य. अळिवाचे लाडू मात्र कोणालाच माहीत नव्हते. माझ्या आईने फोनवरून व्हिडिओ लावून एका तेलुगू मुलीकडून ते करून घेतले. गूळ पुढे गेला, लाडू दगड झाले. मी दुधात बुडवून सगळे संपवले.

एडिसन, न्यू जर्सी

मी सभासदाची आई. कॉलेजात असताना ड्यूज (वर्गणी), टी-शर्ट, फॉर्मलचे (नटूनथटून जायच्या पार्टीचे) कपडे, बिग-लिटलच्या भेटवस्तू, सगळ्याला पैसे मोजले. आता पोरगी कमावती झाली तर परत वार्षिक वर्गणी? मराठी मंडळाची वर्गणी भर म्हटलं तर "वेळ नाही" म्हणते, आणि इकडे मात्र दर महिन्याला ब्रंच. कोणी समजावून सांगेल का?

इंडियानापोलिस

एडिसनच्या ताई, पैसे जातात कुठे ते मी सांगते, कारण हिशेब माझ्याकडे आहे.

माझी संस्था जुनी, चॅप्टरात सावळी मी एकटी. पहिल्या ब्रंचला एका आजींनी मला केटरिंगवाली समजून रिकामी बशी हातात दिली. मी ती ठेवून आले आणि त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत बसून ओळख करून दिली. चेहरा असा उतरला की मलाच पाणी द्यावं लागलं. पुढे त्याच बाईंनी मला हाउस कॉर्पोरेशनमध्ये ओढलं.

तर हाउस कॉर्पोरेशन. सोरोरिटीच्या मुली राहतात ते कॅम्पसजवळचं खांबांचं मोठं घर विद्यापीठाचं असेल असं वाटतं. पुष्कळदा ते अलम्नींनी चालवलेल्या वेगळ्या ना-नफा संस्थेचं असतं. आमच्या घराची तीच मालक आहे आणि संचालक आम्ही सगळ्या बिनपगारी. पुण्यातल्या सोसायटीची मॅनेजिंग कमिटी पाहिली असेल तर वेगळं सांगायला नको. गळकं छप्पर, बॉयलर, आगीचे स्प्रिंकलर, विमा, स्वयंपाकी सोडून गेला, हाउस मदर (घरात राहून मुलींकडे बघणारी बाई) मिळत नाही. विम्याचा हप्ता तर दरवर्षी डोळे पांढरे करतो. उत्पन्न म्हणजे मुलींचं भाडं. खाटा रिकाम्या राहिल्या की कर्जाचा हप्ता अडतो, म्हणून "दुसऱ्या वर्षी घरात राहिलंच पाहिजे" असा नियम असतो. बाहेरून तो जाच वाटतो. मुली चिडतात आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, पण खातेवही बघितली की नियम कुठून आला ते कळतं.

तुमच्या मुलीची वर्गणी यात जात नाही हेही सांगते. अलम्नी चॅप्टरची वर्गणी साधारणपणे राष्ट्रीय कार्यालयाचा वाटा, सभेचा खर्च आणि एखादी शिष्यवृत्ती यांत संपते. ब्रंचचे पैसे जिचे तिने द्यायचे. हिशेब मागितला तर दाखवायला हवा. नाही दाखवला तर भरू नका.

अटलांटा

मी सभासद नाही, होण्याचा प्रश्नही नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या हॉस्पिटलातली चार्ज नर्स अल्फा कप्पा अल्फाची. ही 1908 साली हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेली, कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली ग्रीक अक्षरांची सोरोरिटी. कमला हॅरिस हॉवर्डला असताना 1986 साली हिच्यातच गेल्या.

वर सगळ्यांनी लिहिलंय तशी यांच्याकडे 'कॉलेजनंतर गाठीभेटी' ही गोष्टच नाही. यांचं खरं काम ग्रॅज्युएट चॅप्टर करतात, आणि कॉलेजात राहून गेलं तर पदवीनंतरही त्यातून सभासद होता येतं, अर्थात त्यांनी घेतलं तर. आमची नर्स तशीच, वयाच्या चाळिशीत झालेली. काळ्या मुलींना जेव्हा बाकीच्या सोरोरिट्यांची दारं बंद होती तेव्हा यांनी आपलं घर बांधलं. डेल्टा सिग्मा थीटा 1913 साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तिच्या मुली वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात चालल्या. आजही निवडणूक आली की नर्सबाई ड्यूटी संपवून मतदार नोंदणीच्या टेबलावर बसतात. मी नागरिक झाले तेव्हा माझा फॉर्म त्यांनीच भरून घेतला, आणि सही नीट नाही म्हणून परत करायला लावली!

2020 साली हॅरिस उपाध्यक्षपदाला उभ्या राहिल्या तेव्हा देशभर या बायकांनी 19 डॉलर 8 सेंट अशा देणग्या पाठवल्या. रक्कम कुठून आली ते वर लिहिलेल्या सालात आहे. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात त्यांच्या सोरोरिटीचे गुलाबी आणि हिरवा सोडून रंग दिसत नव्हता.

सातारा, सध्या मुक्काम नॉक्सव्हिल

सून अमेरिकन आहे, पाय बीटा फायची. तिच्या अलम्नी क्लबची सहल गॅटलिनबर्गला निघाली, मला म्हणाली चला. मी गावाकडे महिला मंडळाचं सेक्रेटरीपद सांभाळलेली बाई, म्हटलं बघू तरी यांचं मंडळ काय करतं.

तिथे गेल्यावर कळलं की या संस्थेच्या बायकांनी 1912 मध्ये त्या डोंगरात शाळा काढली. तेव्हा ते आडवळणाचं खेडं होतं. स्मोकी माउंटन्सचं राष्ट्रीय उद्यान 1934 चं, त्यामुळे आजची ती गर्दी, हॉटेलं काही नव्हतं. शाळेबरोबर दवाखाना आला. मग तिथल्या बायकांच्या हातमागाला, टोपल्यांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून 1926 मध्ये दुकान निघालं. माल विकायचा कोणी, तर ठिकठिकाणच्या क्लबांतल्या बायकांनी. आता त्या जागी अ‍ॅरोमाँट नावाची हस्तकलेची शाळा आहे, लोक लांबून विणकाम, कुंभारकाम शिकायला येतात. मी मागावर हात फिरवून पाहिला. शिकवणाऱ्या बाईने खुणेनेच विचारलं, "येतं का?" आमच्या घरी माग नव्हता, पण घोंगडी विणणारे शेजारी होते. धोटा कसा फेकतात ते करून दाखवलं.

सूनबाईचा क्लब अजून तिथे मदत पाठवतो. एक मात्र खटकलं. सभा अर्धा तास आणि फोटो एक तास! त्या बाबतीत आम्ही बायका सगळीकडे सारख्याच.

सिअ‍ॅटल

मी सोडलं. तेही लिहायला हवं.

सभा मंगळवारी सकाळी अकरा वाजता. ज्यांना नोकरी नाही किंवा ज्या निवृत्त झाल्यात त्यांनाच जमणार. संध्याकाळी घ्या म्हटलं तर "रात्री गाडी चालवता येत नाही." खरं आहे त्यांचं, ऐंशीच्या घरात आहेत. मग दोन गट झाले, आणि तरुणांचा गट वाइन टेस्टिंगच्या पुढे सरकेना. 2020 च्या उन्हाळ्यात बऱ्याच कॅम्पसांवर 'ग्रीक लाइफ (सोरोरिट्या आणि मुलग्यांच्या तशाच संघटना) बंद करा' अशी मागणी झाली, वंशभेदावरून. आमच्याकडे त्यावर बोलायचं ठरलं. बोलणं सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू निकाल मी द्यायचा. पुढच्या महिन्यात विषयपत्रिकेवर फक्त कुकी एक्स्चेंज.

त्या सुमारास बऱ्याच संस्थांनी लेगसीचा, म्हणजे आई-बहीण सभासद म्हणून मुलीला झुकतं माप देण्याचा नियम काढला. त्यावर मात्र आमच्या चॅप्टरात रडारड झाली. पणजीपासूनचा बॅज पेटीत ठेवलेला, आणि नातीची आता खात्री नाही! मला त्यांचं दुःख खोटं वाटलं नाही. पण माझ्यासारखीची खात्री कधीच नव्हती, हे त्या खोलीत एकीच्याही डोक्यात आलं नाही. आता शिष्यवृत्तीच्या फंडाला वर्षाला चेक पाठवते, बाकी राम राम.

लॉरेन्स, कॅन्सस

मी नागपूरची, इथे पीएचडीला आले. सोरोरिटी पदवीच्या मुलींची असते, त्यामुळे माझा संबंध नव्हता. लॅबच्या शेजारच्या ऑफिसातल्या बाई चॅप्टर अ‍ॅडव्हायजर होत्या, म्हणजे मुलींच्या चॅप्टरवर देखरेख ठेवणाऱ्या; त्यांना अभ्यासाकडे बघणारं कोणी हवं होतं. वर्षभर मुलींना स्टॅटिस्टिक्स शिकवलं, मग त्यांनी विचारलं, सभासद होतेस का? काही संस्था कॉलेजात सभासद नसलेल्या मोठ्या बाईलाही अलम्ना म्हणून दीक्षा देतात. विधी गुप्त असतो, त्यामुळे त्यावर नाही लिहीत. नवऱ्याने खूप खोदून पाहिलं, त्यालाही नाही सांगितलं. एवढंच सांगते, मौजीबंधनाला बसलेल्या भाच्यासारखा माझाही चेहरा झाला असणार.

अ‍ॅडव्हायजर आता मीही आहे, म्हणजे फोन उशाशी घेऊन झोपणं. ऑगस्टमधला रिक्रूटमेंटचा (नव्या मुलींच्या निवडीचा) आठवडा सगळ्यांत वाईट. नाव न लागलेल्या मुलीच्या आईचा फोन, नाव लागलेलं पण मैत्रीण दुसरीकडे गेली म्हणून रडणारी मुलगी, पार्टीत कोणीतरी जास्त प्यायलेली. हेझिंगची (नव्या सभासदांच्या छळाची) नुसती कुजबुज कानावर आली तरी त्याच दिवशी लेखी कळवायचं, हा नियम मी पाळते. त्यापायी दोन मैत्रिणी गमावल्या. मुली मला 'दीदी' म्हणतात. कुठल्या तरी मालिकेतून उचललंय, मी 'ताई' करून घ्यायच्या प्रयत्नात आहे.

प्लेनो, पुन्हा

कॅन्सस, मौजीबंधन! आता ते डोक्यातून जाणार नाही.

सिअ‍ॅटल, आमच्यात मंगळवार सकाळ हा त्रास नाही, पण सगळ्या तिशी-चाळिशीतल्या असल्याने सभा कधीच दीड तासाखाली होत नाही, कारण दर दहा मिनिटांनी कोणाचं तरी पोर मांडीवर चढतं.

रॅले, नॉर्थ कॅरोलायना

माझ्या संस्थेचा चॅप्टर इथे होता, दहा-बारा वर्षांपूर्वी बंद पडला. मी आणि आणखी चौघी तो उभा करतोय. राष्ट्रीय कार्यालयाने या भागातल्या सभासदांची यादी दिली. अर्धे ईमेल परत आले, कारण लग्नानंतर आडनाव आणि पत्ता बदलला की कोणी कळवतच नाही. जुन्या खजिनदारबाईंकडे एक बूट ठेवायचा डबा मिळाला. त्यात चेकबुक, स्थापना दिनाच्या मेणबत्त्या आणि बँकेत सही बदलायचा अर्धवट भरलेला फॉर्म होता. बँक म्हणते, आधीच्या सहीवाल्या दोघींपैकी एकीने येऊन सही करायची. एक वारल्या, दुसऱ्या फ्लोरिडात. त्यांना नोटरीकडे पाठवलंय.

कोलंबसच्या लेकीला सांगा, पत्ता आधी राष्ट्रीय कार्यालयाला कळव, जेवणाला जाऊन ये, वर्गणीचा निर्णय दोन-तीन वेळा जाऊन मग घे. आणि एडिसनच्या ताई, मुलगी ब्रंचला जाते म्हणजे मंडळाला येणार नाही असं नाही. आमच्या पाचांतल्या दोघी इथल्या मंडळाच्या कमिटीवर आहेत आणि गणपतीच्या आठवड्यात आम्हाला सभा ठेवू देत नाहीत. सप्टेंबरची तारीख त्यामुळेच अजून ठरलेली नाही. रॅले, डरम, केरी भागात कोणी असेल, संस्था कुठलीही असो, तर खुर्च्या मांडायला माणसं हवीच आहेत.