अंगभूत नकाशा, तीनशे रुपयांचा स्टँड आणि मोहोळचा ‘ळ’

होटगीकर
परवा ‘वाहनवेडा’ यांनी येथे लिहिले की, गाडीच्या पडद्यातील अंगभूत नकाशा आणि त्याला जोडलेली ध्वनियंत्रणा हा वरच्या मॉडेलचे लाखभर रुपये जास्त काढण्याचा बहाणा आहे. तीनशे रुपयांचा स्टँड आणि खिशातला मोबाईल असला की सोलापूरच्या माणसाला आणखी काही लागत नाही. त्यावर ‘नेटवर्क गेले की जीपीएसही जाते, मग गाडी काय आणि मोबाईल काय’ असेही त्यांनी ठोकून दिले आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात आणि आपले यंत्र तो नुसता ऐकते. चार उपग्रह ऐकू आले की जागा कळते. त्यासाठी सिम कार्ड लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशाचे चित्र उतरवून घेण्यासाठी, आणि अंगभूत यंत्रणेत ते चित्र आधीच साठवलेले असते.

दुसरी गोष्ट उन्हाची. गेल्या मे महिन्यात पुण्याहून परतताना मोबाईल काचेला चिकटवलेल्या स्टँडवर होता. आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे त्याची कंपनीच सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा अनेकदा 42 च्या पुढे जातो. काचेमागे किती होत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. टेंभुर्णी सोडल्यावर पडदा मंदावला आणि मोहोळच्या अलीकडे तापल्याची सूचना दाखवून पार काळा झाला. सौभाग्यवतींनी तो एसीच्या झोतासमोर धरला तेव्हा कुठे वीस मिनिटांनी शुद्धीवर आला. गाडीचा पडदा मात्र त्याच उन्हात मुकाट्याने रस्ता दाखवत होता, कारण गाडीत बसवायचे सुटे भाग त्या तापाचा विचार करूनच निवडलेले असतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की, जे लोक या यंत्रणेला नावे ठेवतात त्यांनी गाडी अंगणात उभी करून अर्धा तास तिच्याबरोबर कधी घालवलेलाच नसतो. ‘सूचना देणारी बाई ऐकूच येत नाही’ ही तक्रार मी दहा जणांकडून ऐकली. अनेक गाड्यांत गाण्याचा आणि सूचनेचा आवाज वेगवेगळा साठवला जातो. बाई बोलत असतानाच नॉब फिरवला तर तिचा आवाज वाढतो, ती गप्प असताना फिरवला तर गाण्याचा. हे दहापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

वाहनवेडा
उपग्रहांना सिम कार्ड लागत नाही, हे मान्य. मला पुन्हा आठवीच्या वर्गात बसवल्याबद्दल आपला आभारी आहे. आता आपण जे सोयीस्करपणे गाळले ते मी लिहितो. माझ्या 2019 च्या गाडीतील नकाशा आजही धाराशिवला ‘उस्मानाबाद’च म्हणतो, नाव 2023 मध्ये बदलले. नवा नकाशा घालून द्या म्हणून सर्व्हिस सेंटरला दोन वेळा गेलो. पहिल्यांदा ‘सर, त्याचे कार्ड वेगळे घ्यावे लागते’ आणि दुसऱ्यांदा ‘ते कार्ड आता येत नाही’ असे सांगण्यात आले. नावाचे सोडून द्या, नवे बायपास आणि उड्डाणपूलही त्याला ठाऊक नाहीत. आमची गाडी पुलावरून जात असते आणि पडद्यावर ती शेतातून.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या वेळी, 14 जानेवारीला, अक्षता सोहळ्याच्या दिवशी बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन निघालो होतो. सगळे सोलापूर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, रस्ते बंद, आणि आपली ही शहाणी यंत्रणा मला पंचकट्ट्याकडे ‘सरळ जा’ म्हणत होती. बॅरिकेडजवळच्या हवालदारांनी काच खाली करायला लावली आणि विचारले, “मालक, आज कोणता दिवस आहे, ठाऊक आहे का?” पाहुण्यांच्या मोबाईलवर तो रस्ता लाल दिसत होता.

कडक_भाकरी
जन्मापासून सोलापुरात राहणाऱ्या माणसाला अक्षतांच्या दिवशी पंचकट्ट्याकडे जाऊ नये हे सांगायला यंत्र लागत असेल, तर दोष यंत्राचा आहे असे मला वाटत नाही.

मूळ मुद्द्यावर एक भर घालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार हातात फोन धरून गाडी चालवणे हे धोकादायक वाहनचालन ठरते. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमाने मार्ग पाहण्यापुरती मुभा दिली, पण तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. आमच्या घरातले पुरुष स्टँडवरील फोनवर मार्ग पाहता पाहता कुटुंबाच्या गटावरील लग्नाचे फोटोही पाहतात. गाडीच्या पडद्यावर निदान ते फोटो उघडत नाहीत, आणि माझ्यासाठी लाखभर रुपयांचे तेवढेच कारण पुरेसे आहे.

विजापूर_वेस
होटगीकर काका एक मुद्दा विसरले. अंगभूत यंत्रणेला चाकांच्या फिरण्याचीही खबर मिळते, त्यामुळे बोगद्यात उपग्रहांचा संकेत तुटला तरी गाडी किती पुढे गेली याचा अंदाज ती बांधत राहते.

वाहनवेडा
सोलापूर-पुणे रस्त्यावर बोगदा कोठे आहे, ते कृपया दाखवावे. मी सहकुटुंब पाहायला येतो.

विजापूर_वेस
पुण्यापुढेही महाराष्ट्र आहे, साहेब. मुंबईच्या द्रुतगती मार्गावर जाऊन या.

नव्या_पेठेतली
तुम्ही सर्वजण रस्ता सापडल्यानंतरच्या गोष्टी करत आहात. गाव सापडण्यापर्यंत तरी कोणी पोहोचले आहे का? आमच्या गाडीच्या पडद्यावर फक्त रोमन अक्षरे आहेत. दिवाळीत नणंदेकडे मंगळवेढ्याला निघालो. यजमानांनी ‘एम ए एन जी ए एल’पर्यंत टंकले आणि पुढे व्ही की डब्ल्यू, ए की ई, डीच्या पुढे एच आहे की नाही, यावर आमच्या दोघांत जुंपली. चार वेळा ‘असे ठिकाण आढळले नाही’ असे उत्तर आले. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “अरे, चाळीस वर्षे जातोय त्या गावाला, चल की सरळ.” आणि शेवटी गाव सापडल्यावर आतल्या बाईने थाटात घोषणा केली, ‘मंगलवेढा’. सासूबाई अख्ख्या प्रवासात एवढ्या एकाच गोष्टीवर चिडल्या.

निवृत्त_मास्तर
ताई, आपण माझ्या दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. नकाशा जुना की नवा, फोनचा की गाडीचा, हा वाद माझ्या दृष्टीने गौण आहे, कारण दोन्हीकडे आपल्या जिल्ह्याचा ‘ळ’ ठार केला जातो. मोहोळचे ‘मोहोल’, करमाळ्याचे ‘करमाला’, माळशिरसचे ‘मालशिरस’, वडाळ्याचे ‘वडाला’. मूळ गावनावे रोमन लिपीतून घेतल्यामुळे एल या एकाच अक्षरात ल आणि ळ दोन्ही कोंबले जातात, आणि वाचणारा आवाज हिंदी वळणाचा असल्यामुळे त्याला ळ असतो हेच ठाऊक नसते. गंमत अशी की, सांगोल्यात खरोखरच ल आहे, आणि तेवढे एक गाव ही बाई बिनचूक उच्चारते. म्हणजे चुकूनच बरोबर येते. छत्तीस वर्षे मुलांच्या वह्यांमध्ये तांबड्या शाईने जे दुरुस्त केले, ते आता माझ्याच गाडीत, माझ्याच पैशाने विकत घेतलेल्या स्पीकरमधून मला ऐकावे लागते.

वाहनवेडा
मास्तर, आदर राखून सांगतो, वळण चुकले नाही म्हणजे झाले. मोहोळ म्हटले काय आणि मोहोल म्हटले काय, गाडी तेथेच पोहोचते. अंगभूत यंत्रणेची बाजू लंगडी पडू लागली की भाषेची अस्मिता पुढे करायची, हा जुना डाव आहे.

निवृत्त_मास्तर
मी अंगभूत यंत्रणेची बाजू घेतलेलीच नाही. आपण वाचता की नुसते उत्तर देता? ‘काळा’ आणि ‘काला’ यांत फरक नाही असे ज्याला वाटते, त्याने दहीहंडीच्या दिवशी प्रसाद मागून पाहावा.

पूर्व_भागातला
आमच्या घरी तीन पिढ्या तेलुगू बोलली जाते, आजोबा यंत्रमागावर होते. तेलुगूत ळ आहे, शेजारच्या कन्नडमध्येही आहे. त्यामुळे आमच्या पूर्व भागातले कोणीही मोहोळला मोहोल म्हणत नाही. तेव्हा ही फक्त मराठीच्या अस्मितेची गोष्ट आहे असे समजू नका. अख्ख्या सोलापूरला येणारा उच्चार लाखोंच्या गाडीला येत नाही, एवढीच ती गोष्ट आहे. मी प्रवासी गाडी चालवतो. बाहेरगावचे भाविक मागे बसलेले असतात, ते त्या बाईचे ऐकून मला ‘मोहोल’ विचारतात आणि मी दुरुस्त केले तर मलाच गावंढळ समजतात.

कडक_भाकरी
वाहनवेडा यांनी मास्तरांची माफी मागावी असे मला वाटते. ‘जुना डाव’ ही भाषा वडीलधाऱ्यांशी बोलण्याची नव्हे.

वाहनवेडा
मागितली. उच्चाराचा मुद्दाही मान्य करतो, कारण मास्तरांनी दहीहंडीचा प्रसाद काढल्यावर बोलायला काही उरले नाही. पण मग हेही मान्य करा की, फोनच्या नकाशात गाव देवनागरीत टंकता येते आणि आपल्या लाडक्या पडद्यावर येत नाही. मंगळवेढा मी ळ घालूनच शोधतो.

होटगीकर
हे मात्र खरे आहे, आणि ते मला आवडलेले नाही. वाहतूक आणि बंद रस्ते यांतही फोन पुढे आहे, हे लिहिताना माझा हात जड होत आहे. पण भांडायचे कशाला? फोन गाडीच्या पडद्याशी जोडणारे कारप्ले 2014 पासून आणि अँड्रॉइड ऑटो 2015 पासून आहे. फोन एसीच्या वाऱ्यात खाली खणात ठेवावा, त्याचा नकाशा गाडीच्या पडद्यावर घ्यावा आणि आवाज गाडीच्या स्पीकरमधून ऐकावा. शोध देवनागरीत, पडदा मोठा, फोन उन्हापासून दूर.

वाहनवेडा
म्हणजे शेवटी नकाशा मोबाईलचाच! मग मी परवा वेगळे काय लिहिले होते?

होटगीकर
आपण तीनशे रुपयांचा स्टँड लिहिला होता. पडदा, स्पीकर आणि स्टेअरिंगवरची बटणे ही यंत्रणाच आहे, आणि आपण तिलाच बहाणा म्हणाला होतात.

विजापूर_वेस
बटणांवरून आठवले. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनसीएपी या युरोपातील संस्थेने 2026 पासून पूर्ण गुणांसाठी खरी बटणे असावीत अशी अट घातली आहे. सगळेच पडद्यात कोंबण्याच्या खुळाला थोडा चाप बसेल.

कडक_भाकरी
त्या यादीत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीत मदतीची हाक देण्याचे बटण आहे. रेडिओच्या आवाजाचा नॉब त्यात नाही, त्यामुळे इतक्यात पेढे वाटू नका.

नव्या_पेठेतली
नकाशाचे तुमचे चालू द्या, आमच्या पेन ड्राइव्हचे कोणी सांगेल का? सासूबाईंसाठी हरिपाठाचे अभंग क्रमाने भरून दिले होते. गाडीत पहिल्याआधी सातवा लागतो, आणि नव्या 64 जीबीच्या ड्राइव्हवर तर गाडी ‘काहीही आढळले नाही’ म्हणते.

विजापूर_वेस
बऱ्याच गाड्या फाइली साठवण्याच्या फॅट32 या पद्धतीचाच ड्राइव्ह वाचतात, आणि 64 जीबीचे ड्राइव्ह बहुधा दुसऱ्या पद्धतीचे येतात. 32 जीबीचा घ्यावा आणि संगणकावर फॅट32 निवडून फॉरमॅट करावा. क्रमाचे म्हणाल, तर काही गाड्या नावाकडे न पाहता ज्या क्रमाने फाइली भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून सगळे एकदम न ओतता, नावाआधी 01, 02 असे आकडे घालून एकेक अभंग ओळीने भरावा. अर्धा तास जाईल, पण घरात शांतता राहील.

निवृत्त_मास्तर
फाइलींची नावे देवनागरीत लिहू नका, आमच्या गाडीत त्यांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. ‘ज्ञानेश्वर’ या नावाचे दहा चौकोन मोजले आहेत मी.

वाहनवेडा
होटगीकर काका, काल संध्याकाळी गाडी अंगणात उभी करून आपण सांगितले तसे केले. बाई बोलत असतानाच नॉब फिरवला आणि आवाज खरोखरच वाढला. सहा वर्षे मी गाण्याचाच आवाज वरखाली करत होतो. आज सकाळी पुण्याला निघालो, तर ती ‘मोहोल’ पूर्वीपेक्षा दुप्पट खणखणीत म्हणाली. मास्तरांची आठवण आली.