शब्दकोडं: ‘स्वर्ग’ दोन अक्षरी, आणि येतंय चक्क ‘नाक’!

अर्धी_चौकट

नमस्कार मंडळी, प्रश्न वाचून हसू नका. आमच्याकडे पेपर आला की कोड्याचं पान अप्पांकडे (माझे सासरे) आणि उरलेला पेपर बाकी घराला, अशी वाटणी वर्षानुवर्षं चाललीये. मार्चमध्ये अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काही दिवस वाचायची बंदी, मग मी क्लू वाचून दाखवायचे आणि ते सोफ्यावर काळा गॉगल लावून उत्तरं सांगायचे. अप्पांचा डोळा बरा झाला, पण मला तो नाद लागला तो लागलाच. आता सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत आडवे शब्द आणि ऑफिसला निघायच्या आधी उभे असं चालू असतं.

तर कालचं कोडं. एक आडवा शब्द, क्लू ‘स्वर्ग’, दोन घरं. पहिल्या घरातून खाली जातो ‘श्रीफळ’, तीन अक्षरी, म्हणजे नारळ, पक्कं. दुसऱ्या घरात वरून येऊन संपतो ‘सोने’, तीन अक्षरी, कनक, तेही पक्कं कारण त्याचा पहिला क दुसरीकडे जुळतोय. मग आडवं काय आलं? नाक!! स्वर्ग म्हणजे नाक? अप्पा म्हणाले छापखान्याची चूक असणार, क्लू ‘घ्राणेंद्रिय’ असेल. मी तर नारळ खोडून बसले, मग परत लिहिला, आता त्या घरात कागदाला भोक पडायचं बाकी आहे. उत्तर आजच्या अंकात यायचं होतं तर आज नेमका पेपरच आला नाही.

अजून दोन शंका. एक, परवा एका घरात आडवा शब्द ‘कवी’ आणि उभा ‘विहीर’. मग त्या घरात वी लिहायचा का वि? हे असं चालतं का? आणि दोन, अडलं की मी गुपचूप गुगल करते, अप्पा त्याला सरळ चिटिंग म्हणतात. पण मी इंग्लिश मीडियमवाली, बोलते छान पण ‘हत्ती, तीन अक्षरी’ आलं की गजच्या पुढे गाडी जात नाही. शब्द वाढवायचे कसे?

नाना_सातारकर

ताई, नारळ खोडू नका. नाक बरोबर आहे. छापखाना निर्दोष आहे, अप्पांना सांगा.

संस्कृतात नाक म्हणजे स्वर्ग. ‘अक’ म्हणजे दुःख, जिथे अक नाही ते नाक, अशी फोड आम्हाला शाळेत सांगायचे. अमरकोश (संस्कृत समानार्थी शब्दांचा जुना कोश) उघडलात तर फार पानं उलटायला नकोत, पहिल्या कांडाचा पहिला वर्गच स्वर्गवर्ग आणि तिथे स्वर्गाच्या नावांत स्वर्गाच्या पाठोपाठ नाकच येतं, मग त्रिदिव, त्रिदशालय, सुरलोक वगैरे. आमच्या वडलांनी मारून मुटकून पाठ करून घेतला होता, तेव्हा शिव्या घातल्या, आता निवृत्तीत रोज सकाळी उपयोगी पडतोय. कोडी रचणारी जुनी मंडळी याच शिदोरीवर जगतात.

आणि एक गंमत सांगतो. त्याच संस्कृतात श्रीफळ म्हणजे बेल! मराठीत मात्र नारळ. तीन घरं होती म्हणून वाचलात, दोन असती तर मी स्वतः बेल लिहून मोकळा झालो असतो आणि मग स्वर्गाच्या जागी ‘बेक’ आलं असतं.

हत्ती तीन अक्षरी: कुंजर, मतंग, वारण. कुठल्यातरी वहीच्या मागे लिहून ठेवा, आठवड्याभरात एकदा तरी येतोच हत्ती.

मधला_डबा

नाना __/\__

ताई चिटिंगचं म्हणाल तर आमच्या गाडीत एक नियम होता. डोंबिवलीहून रोजची ठरलेली लोकल, ठरलेला डबा, आम्ही सहा जण, त्यातल्या एकाकडे पेपर. पेपरची चौघडी करून कोडं वर यायला पाहिजे अशी घडी घालणं ही पण एक कलाच होती, कारण गर्दीत कोपर हलवायला जागा नाही. एक जण क्लू वाचणार, बाकीचे ओरडणार, दोघं सहमत झाले तरच पेनने लिहायचं, नाहीतर पेन्सिलने. ठाण्यापर्यंत सोपे, घाटकोपरपर्यंत मधले आणि दादर आलं तरी राहिले ते हरले. दादरनंतर समोरच्या अनोळखी माणसाला विचारायला परवानगी!! एकदा खिडकीतल्या एका आजोबांनी डोळे न उघडता ‘अहो ते यामिनी आहे’ असं सांगितलं होतं, आम्ही विलेपार्ल्याच्या... नाही, चुकलो, सेंट्रलवाल्यांना कुठलं पार्लं, परळ म्हणायचं होतं, परळपर्यंत हसत होतो. तर माणसाला विचारणं म्हणजे चिटिंग नाही, फोनला विचारणं म्हणजे चिटिंग, असं आमचं मत. आता पेपर कोणी आणतच नाही, एक जण घरून फोटो टाकतो ग्रुपवर आणि पाच मिनिटात कोणीतरी अख्खी उत्तरं टाकतो, सगळी मजा घालवली मेल्यांनी.

वेलांटी

मला कवी-विहीरचं बोलायचंय. अजिबात चालू नये असं. ऱ्हस्व वि आणि दीर्घ वी ही दोन वेगळी अक्षरं आहेत, एका घरात दोन अक्षरं मावत नाहीत. रचणाऱ्याला जमत नसेल तर त्याने ‘कविराज’ घ्यावा ना, समासात ऱ्हस्वच होतो, काम झालं असतं. वाचकांनी ‘चालतंय’ म्हणून सोडून दिलं की मग उद्या चंद्र आणि चद्दर पण एकाच घरात घालतील.

पाटी_पेन्सिल

@वेलांटी थोडं सबुरीनं घ्या हो. मी आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या अंकासाठी गेली सात वर्षं कोडं बनवतोय त्यामुळे दुसरी बाजू सांगतो.

इंग्रजीत २६ अक्षरं, संपला विषय. आपल्याकडे एका घरात एक आख्खं अक्षर बसतं, काना मात्रा वेलांटी अनुस्वार आणि जोडाक्षर सगळ्यासकट. स्वप्न म्हणजे दोन घरं, स्व आणि प्न. आता प्न वरून खाली जाणारा शब्द सांगा बघू? म्हणून एका क ची बाराखडी धरलीत तरी बारा वेगवेगळी अक्षरं होतात आणि वर जोडाक्षरं. मी एका वर्षी हौसेने मधोमध ‘ज्ञानेश्वरी’ घातली. चार घरं. ज्ञा ला आज्ञा, संज्ञा, प्रज्ञा मिळाले, ने ला नेम मिळाला, री ला तर काय नगरी, लहरी रग्गड. श्व ला आलो आणि दोन रात्री गेल्या, कारण श्वास, श्वान चालत नाहीत, तिथे श्वा आहे, मला नुसता श्व हवा. शेवटी अश्व बसवला, तर त्या अ ला दुसरीकडे अडकवता अडकवता अर्धं कोडं परत पुसलं. बायको म्हणाली पुढच्या वर्षी आरतीसंग्रह छापा.

त्यामुळेच बघा, मराठी कोड्यात कनक, नयन, कमल, गगन, सरस असले बिनकान्यामात्र्याचे शब्द सारखे सारखे येतात. रचणारा आळशी आहे असं नाही, ते शब्द कशातही अडकतात, कनक तर दोन्ही बाजूंनी सारखाच. आणि काळी घरंही आपल्याकडे जास्त लागतात. जगातलं पहिलं क्रॉसवर्ड, आर्थर विन यांचं, न्यूयॉर्क वर्ल्डमधलं, २१ डिसेंबर १९१३ चं, ते हिऱ्याच्या आकाराचं होतं आणि मधली मोकळी जागा सोडली तर त्यात काळी घरं नव्हतीच. तसं मराठीत करून दाखवणाऱ्याला माझ्याकडून पुरणपोळी.

तरी कवी-विहीर मी नाही करणार. पण दुसऱ्याने केलं तर फाशी नाही देणार.

नाना_सातारकर

यात अजून एक मेख आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले १९६२ ला. त्याआधी संस्कृतातून आलेले असे शब्द मूळाप्रमाणे शेवटी ऱ्हस्व लिहायचे, कवि, मति, गति, गुरु. नियमांनी ते कवी, मती, गती, गुरू केले. म्हणजे माझ्या वडलांच्या काळात कवि आणि विहीर एका घरात गुण्यागोविंदानं राहिले असते. तेव्हा तुमच्या पेपरचा कोडेकार एकतर ढिला आहे किंवा माझ्यापेक्षा म्हातारा आहे.

वेलांटी

नाना, हे माहीत नव्हतं. तरी माझं मत तेच :)

हरिहरेश्वरी_वकील

जुन्याचा विषय निघालाच आहे तर. माझे आजोबा पैसे लावून कोडी भरायचे. प्रत्येक प्रवेशिकेला फी, हजारोंची बक्षिसं. त्यातली खुबी अशी की क्लूला दोन शब्द चपखल बसायचे, ‘ही सुटता सुटत नाही’, मग माया का काया? दोन्ही बरोबर, पण संपादकाच्या बंद पाकिटात एकच. म्हणून लोक एकाच कोड्याच्या दहा-दहा प्रवेशिका वेगवेगळ्या जोड्या करून पाठवायचे. आजीचं म्हणणं होतं यापेक्षा मटका बरा, निदान लिहावं तरी कमी लागतं.

सरकारलाही तसंच वाटलं. १९५५ चा प्राइझ कॉम्पिटिशन्स अ‍ॅक्ट आला, महिन्याला एकूण बक्षीस १,००० रुपयांच्या वर नाही आणि प्रवेशिका २,००० च्या वर नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. चमारबागवाला यांची आरएमडीसी क्रॉसवर्ड्स ही बंगलोरहून निघणाऱ्या साप्ताहिकातून चालायची आणि मुंबई राज्यातही खेळली जायची, मुंबई राज्याने त्यावर कर लावला होता. १९५७ चा निकाल, कोर्टाने सांगितलं की हा जुगार आहे, घटनेतलं व्यापाराचं स्वातंत्र्य याला लागू नाही. लॉ कॉलेजात हा निकाल आम्हाला शिकवला तेव्हा मला आजोबांचा तो प्रवेशिकांचा गठ्ठा दिसत होता नुसता. तेव्हा ताई, तुमचं गुपचूप गुगल फारच सात्त्विक आहे.

उलटा_डाव

मी बंगळुरूत असतो, इथे सकाळी ‘द हिंदू’ पेपरचं क्रिप्टिक क्रॉसवर्ड सोडवतो. मराठीत आपण बहुतेक सगळं समानार्थी शब्दांवर चालवतो, म्हणजे नाक माहीत आहे तर येईल नाहीतर नाही येणार. क्रिप्टिकमध्ये शब्द माहितीतलाच असतो, फक्त क्लू फसवत असतो, त्यातच एका टोकाला अर्थ आणि उरलेल्या भागात शब्द कसा बनवायचा त्याची कृती. मराठीत हे होत नाही म्हणतात, पण आपलं अक्षर आख्खं असल्यामुळे उलटवायला उलट सोपं जातं. मी हे केलेत, कंसात किती अक्षरी ते दिलंय, बघा जमतात का.

वार उलटला, शिरा करायला घ्या (२)
डाव उलटला, पण खायला मिळालं (२)
मामा जीवनात दडलाय भूतपूर्व (२)

मधला_डबा

रवा! वडा! तिसरं... मामाजी?

पाटी_पेन्सिल

मामाजी तीन झाले ना राव. माजी. मामा जीवनात. आईशप्पथ भारी आहे हे. उलटा डाव, यंदा गणपतीच्या अंकाला द्याल का दहाबारा? मानधन नाही, मोदक आहेत.

उलटा_डाव

मोदकावर चालेल. पत्ता मेसेज करतो.

नाना_सातारकर

ताईंचा शेवटचा प्रश्न राहिलाच. शब्द वाढवायला फोन वाईट नाही, पण उत्तर शोधू नका, नंतर अर्थ शोधा. म्हणजे कोडं आधी टाकून द्या, संध्याकाळी परत हातात घ्या, सकाळी न दिसलेले दोन तरी दिसतातच, का ते मला विचारू नका. राहिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी बघा आणि मग तो शब्द कोशात वाचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, तुम्ही इंग्लिश मीडियमच्या म्हणजे तुम्हाला तर तो आमच्यापेक्षा सोपा. त्यात एक शब्द बघायला जावं आणि अर्ध्या तासाने भलत्याच शब्दावर बाहेर यावं. आमटी गॅसवर ठेवून मात्र उघडू नका, अनुभवाचे बोल आहेत.

अर्धी_चौकट

बाप रे, सगळ्यांचे खूप आभार, ऑफिसात डबा खाता खाता सगळं वाचलं. नाना, अप्पांना जाऊन सांगितलं, नाक म्हणजे स्वर्ग, अमरकोशात आहे. तर म्हणतात कसे, ‘मला माहीत होतं, तू किती वेळ लावतेस ते बघत होतो.’ मी गप्प बसले. पण काल रात्री ते पान त्यांच्या टेबलावर होतं आणि त्या दोन घरांत पेन्सिलने लिहून खोडलेलं ‘लोक’ मला स्पष्ट दिसत होतं.

माजी आणि वडा अप्पांना घातले, वडा पटकन आला, माजीवर अजून बसलेत, सांगू नकोस म्हणालेत.

आजच्या कोड्यात एकच घर अडलं होतं. हत्ती, तीन अक्षरी, शेवटी ण. वारण लिहिलंय. पेनने.