मदत हवी आहे: जुनं मालवाहू विमान ताफ्यातून नेमकं कधी काढायचं?

होटगी_रोड

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय मालवाहू विमान कंपनीचं ताफा-नियोजन, त्यातही जुनी विमानं काढण्याचा निर्णय. सोलापूरचा आणि याचा संबंध काय, असं सगळेच विचारतात. जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली तेव्हापासून आपल्या विमानतळावर एटीआर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) उतरतंय, पण त्यात प्रवाशांच्या बॅगा सोडून फार काही मावत नाही. इथलं डाळिंब, टॉवेल, चादरी ट्रकने मुंबईकडे जातात आणि त्यातलं जे विमानाने जायचं ते तिथून चढतं. त्या पुढच्या टप्प्याचं अर्थकारण मला मुळापासून समजून घ्यायचंय.

अडचण अशी आहे. एक्सेलमध्ये एक काल्पनिक कंपनी मांडली आहे. सहा बोइंग ७५७-२०० मालवाहू, कुरियरचा माल, रात्रीची उड्डाणं. पर्याय म्हणून ७३७-८००, प्रवासी विमानाचं मालवाहू केलेलं. ब्लू डार्टच्या ताफ्यात हे दोन्ही प्रकार आहेत, म्हणून हीच जोडी घेतली. ७५७ चं उत्पादन २००४ मध्येच थांबलं, म्हणजे त्यातलं सर्वांत तरुण विमानही विशी ओलांडलेलं. ७३७-८०० इंधन कमी पितं, पण माल २४ टनांच्या आसपास. मुख्य डेकवर पॅलेटच्या जागा १२, ७५७ ला १५.

एका बाजूला जुन्या विमानाचं इंधन, वैमानिक, देखभाल (तासाला सरासरी धरून), विमानतळाचं शुल्क. दुसऱ्या बाजूला हेच सगळं आणि वर नव्या विमानाचं भाडं. उत्तर दर वेळी एकच येतं: जुनंच ठेवा. इंधनाचा भाव दीडपट केला तरी तेच. विमान रात्री दोन फेऱ्या मारतं आणि दिवसभर उभं असतं, त्यामुळे वाचलेल्या इंधनातून भाडं सुटत नाही.

सर म्हणाले, "मग कंपन्या विमानं काढतात कशाला?" प्रश्न रास्त आहे. फेडेक्सने २०१३ मध्ये ७२७ काढली, लुफ्तान्सा कार्गोने ऑक्टोबर २०२१ मध्ये शेवटचं एमडी-११ काढून सगळा भार ७७७ वर टाकला. त्यांच्या हिशेबात असं काय असतं जे माझ्या शीटमध्ये नाही? विमान देखभालीत किंवा कार्गोत काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर सांगा. घरी ट्रकचा धंदा आहे, त्यामुळे गाड्यांच्या भाषेत सांगितलंत तरी चालेल.

हँगरवाला

ताई, विषय चांगला निवडलात. मी मूळचा बार्शीचा, आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलं, आता निवृत्त आहे.

तुमच्या शीटमधला "तासाला सरासरी" हा शब्द काढा, अर्धं उत्तर तिथेच आहे. भाड्याच्या विमानाला मालक दर तासामागे देखभालीची रक्कम जमा करून घेतो, तिथे सरासरी चालते. स्वतःच्या जुन्या विमानाला खर्च असा सपाट येत नाही. तो डोंगरासारखा येतो. सी-चेक, म्हणजे विमान हँगरमध्ये घेऊन करायची सविस्तर तपासणी, साधारण दीड-दोन वर्षांनी. मोठी स्ट्रक्चरल तपासणी, जिला आम्ही डी-चेक म्हणायचो, ती सहा ते बारा वर्षांनी. लँडिंग गिअरचं ओव्हरहॉल वेगळं, इंजिनाची शॉप व्हिजिट, म्हणजे ते उतरवून कार्यशाळेत उघडणं, वेगळी. इंजिनातल्या डिस्कसारख्या भागांना उड्डाण-चक्रांची (एक उड्डाण आणि एक उतरणं म्हणजे एक चक्र) मर्यादा ठरलेली असते. मर्यादा आली की भाग कितीही चांगला दिसो, बदलायचाच.

तुमचे वडील जुना ट्रक कधी विकतात ते त्यांना विचारा. चालता ट्रक महिन्याच्या खर्चावर कुणी विकत नाही. इंजिनचं काम, टायरचा सेट आणि पासिंग एकाच तिमाहीत आलं की विकतात. विमानाचंही तसंच. कंपनी "हे २८ वर्षांचं झालं" म्हणून विमान काढत नाही. "पुढच्या मार्चला डी-चेक आहे, तो करून उरलेल्या वर्षांत पैसे निघतात का" हे बघून काढते.

डी-चेकचं अंदाजपत्रक जुन्या मालवाहू विमानाला हमखास फुगतं. मालाच्या डेकवरचे रोलर ट्रॅक काढायचे, जमिनीच्या पट्ट्या उचलायच्या, बाजूची इन्सुलेशनची ब्लँकेटं उतरवायची. ज्या विमानातून मासळी गेली असेल तिथे खाऱ्या पाण्याचा निचरा झिरपून फ्लोअर बीमच्या सांध्यांवर पांढरी भुकटी धरलेली असते. तो गंज. वरून पट्टी साफ दिसते, बोटाने खरवडलं की खाली खड्डा. मग बीम बदला, तो पार्ट मागवा, तोवर विमान जॅकवर. ठरलेल्या कामांची यादी एक आणि उघडल्यावर निघालेल्या कामांची दुसरी, आणि दुसरी यादी वयाबरोबर वाढत जाते.

वय वर्षांत मोजू नका, चक्रांत मोजा. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७-२०० चं पुढचं छत हवेत फाटून गेलं, एक हवाईसेविका त्यात गेली. विमान १९ वर्षांचं होतं, पण बेटाबेटांमधल्या छोट्या उड्डाणांमुळे त्याची जवळपास नव्वद हजार चक्रं झाली होती आणि समुद्राची हवा होतीच. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासण्या खूप कडक झाल्या. आज प्रत्येक मोठ्या प्रकाराला तास आणि चक्रांची एक अंतिम मर्यादा असते, तिच्यापुढे विमान उडवता येत नाही. तुमचं "नवं" ७३७-८०० सुद्धा पंधरा-वीस वर्षं प्रवासी नेऊन मग मालवाहू झालेलं असणार. त्याची किती चक्रं शिल्लक आहेत हे शीटमध्ये हवंच.

रात्रपाळी

मी कार्गो ऑपरेशन्समध्ये आहे, हँगरवाल्या काकांच्या पुढचं सांगतो.

कुरियरच्या मालात जागा आधी भरते, वजन नंतर. म्हणून टनांची तुलना बाजूला ठेवून घनफळाची करा. १५ जागांऐवजी १२ म्हणजे पाच विमानांच्या मालाला सव्वासहा विमानं लागतात. हा मुद्दा ७५७ च्या बाजूचा आहे आणि तो शीटमध्ये नीट दिसला पाहिजे.

विरुद्ध बाजूला वेळेवर सुटण्याचा भरवसा. जुन्या विमानात पहाटे दोनला एखादा व्हॉल्व्ह रुसला आणि पार्ट दुसऱ्या शहरात असला, तर त्या एका उड्डाणामागची सकाळची सगळी डिलिव्हरी गेली. म्हणून जुन्या ताफ्याला एक राखीव विमान लागतं. सहा विमानं असली तरी कामाची पाचच धरा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ४ नोव्हेंबर २०२५ ला लुईव्हिलला यूपीएसचं एमडी-११ उड्डाण घेताना डावं इंजिन पायलॉनसकट (इंजिन पंखाला धरून ठेवणारा सांगाडा) तुटून कोसळलं. माणसं गेली, विमानातलीही आणि जमिनीवरचीही. त्यानंतर अमेरिकेतली एमडी-११ जमिनीवर बसवली गेली, ऐन सणांच्या हंगामाच्या तोंडावर. यूपीएसच्या ताफ्यात त्यांचा वाटा सुमारे ९ टक्के होता, फेडेक्सच्या सुमारे ४ टक्के. यूपीएसने पुढे तो प्रकार कायमचाच काढला. एका आदेशाने अख्खा प्रकार उभा राहू शकतो. तुमच्या कंपनीची सहाच्या सहा विमानं एकाच जुन्या प्रकारची असतील तर त्या दिवशी धंदा शून्य. ही जोखीम कोणत्याही सरासरीत दिसत नाही, तिच्यासाठी वेगळा प्रसंग मांडून बघा.

डाळिंबबाग

विमानातलं मला कळत नाही, पण सांगोल्याहून माल पाठवतो म्हणून लिहितो. आमच्या मालाला तारखेला महत्त्व आहे. विमान जुनं की नवं हे आम्ही विचारत नाही, पण दोनदा माल राहिला की पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातो. गेलेलं गिऱ्हाईक हिशेबात धरता येत असेल तर धरा, ताई. आणि प्रोजेक्ट झाल्यावर इथे टाका, वाचायला आवडेल.

होटगी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना विचारलं. म्हणाले, "गाडी विकायची तारीख मी पासिंगच्या कागदावर बघतो, गाडीकडे नाही." मग मी प्रत्येक विमानाला महिन्यांची वेगळी ओळ दिली आणि सी-चेक, डी-चेक, इंजिन, गिअर त्या-त्या महिन्यात टाकले. आता दोन विमानं त्यांच्या डी-चेकच्या आधी निघतात, पण उरलेली चार अजूनही "ठेवा"च येतात. शिवाय काही ठिकाणी "ग्रीन टाइम" असा शब्द वाचला, तो इथे कसा बसवायचा?

हँगरवाला

त्या चारांचं उत्तर ग्रीन टाइममध्येच आहे. इंजिनात ओव्हरहॉलशिवाय उडवता येतील असे जे तास आणि चक्रं शिल्लक असतात, तो ग्रीन टाइम. पहिलं विमान काढलंत की त्याची दोन इंजिनं, लँडिंग गिअर, एपीयू (शेपटीतलं वीज-हवा पुरवणारं छोटं इंजिन) मोकळे होतात. तिसऱ्या विमानाचं इंजिन शॉपला पाठवायची वेळ आली की ओव्हरहॉलचे पैसे न घालता काढलेल्या विमानाचं इंजिन चढवायचं. उतरणीला लागलेला ताफा असाच एकमेकांवर जगतो. म्हणून तुमची चार विमानं स्वस्त दिसतात, आणि काही काळ ती खरंच स्वस्त असतात.

पण विमानागणिक हिशेब केलात तर शेवट कधीच दिसणार नाही. सिम्युलेटरचं भाडं, ७५७ चं रेटिंग (त्या प्रकाराचा उडवण्याचा परवाना) असलेले वैमानिक, त्या प्रकारावर सही करू शकणारे इंजिनिअर, सुट्या भागांचं स्टोअर, हा खर्च प्रकाराचा असतो. सहा विमानांत वाटला जायचा तो चारात, मग दोनात वाटला जातो. त्यात काढलेल्या विमानांचे भाग संपले की शेवटच्या दोघांना पूर्ण किमतीचं ओव्हरहॉल करावं लागतं. म्हणून कंपन्या शेवटची तीन-चार विमानं ओढत न बसता थोड्या अवधीत एकदम काढतात. प्रकाराची एकच अंतिम तारीख ठरवा आणि तिथून मागे येत कोणतं विमान कधी जाईल ते लावा. निर्णय प्रकाराचा, क्रम विमानांचा.

रात्रपाळी

काकांच्या मुद्द्याला जोडून: अंतिम तारीख फक्त तुमच्या हातात नसते, बदली विमान मिळायला हवं. नवी प्रवासी विमानं उशिरा मिळत असल्यामुळे विमान कंपन्या ७३७-८०० सोडायला तयार नसतात, मग रूपांतराला विमानं कमी आणि महाग मिळतात. मोठ्या आकारातही ओढाताण आहे. ७६७ मालवाहूचं उत्पादन २०२७ मध्ये थांबवायचं बोइंगने जाहीर केलंय आणि २०२८ पासून कार्बन उत्सर्जनाचा आंतरराष्ट्रीय निकष चालू उत्पादनातल्या विमानांनाही लागतो. नियमाने विमानं निघण्याचं जुनं उदाहरणही आहे. आवाजाच्या नियमामुळे अमेरिकेत १९९९ अखेर जुनी मोठी जेट एकतर इंजिनांना हश किट (आवाज कमी करणारं साहित्य) लावून उडली नाहीतर उभी राहिली.

होटगी_रोड

प्रकाराचा स्थिर खर्च वेगळा काढून उरलेल्या विमानांत वाटला. चौथं विमान निघालं की शेवटच्या दोघांचा खर्च भाड्याच्या ७३७ च्या वर जातोय. सरांना दाखवायला पहिल्यांदाच काहीतरी हातात आहे. एक शेवटचं विचारते: डी-चेकला विमान हँगरमध्ये किती दिवस धरू?

हँगरवाला

एक आकडा धरू नका, दोन धरा. ठरलेल्या कामांचे दिवस कंपनीच्या देखभाल आराखड्यातून येतील, निघालेल्या कामांचे दिवस वयानुसार वाढवत न्या. आणि दोन्ही मिळून जेवढे होतील तेवढ्या दिवसांसाठी बाहेरून वैमानिकांसकट भाड्याने आणलेल्या विमानाचा खर्च त्याच विमानाच्या ओळीत टाका. शीट झाली की इथे जोडा, मी बघतो.