परदेशात शिकवायला गेलात तेव्हाचा पहिला दिवस

पाटीपेन्सिल
आज माळा आवरताना जुनी निळी बॅग खाली काढली. बाजूच्या कप्प्यात दहा सोल्डरिंग आयर्न (कथील वितळवून तारा जोडायची विजेवरची), अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बघितली आणि तिथेच बसले.

शाळेतल्या मुलांना छोटी सर्किटं जोडायला शिकवायची पाच दिवसांची कार्यशाळा होती. संध्याकाळी पोचले, थेट वर्गात जाऊन सामान मांडलं, एक आयर्न लावून बघितली. दहा मिनिटं झाली तरी कथील वितळेना. तिथली वीज १२० व्होल्टची, माझी आयर्न २३० ची. सोबत नेलेला ॲडॉप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. आणि व्होल्टेज निम्म्यावर आलं की उष्णता निम्मी नाही, साधारण चौथाई होते. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं सूत्र असं समोर येऊन उभं राहिलं. सकाळी ९ ला २० मुलं येणार होती.

तिथले प्रयोगशाळा सहायक काहीच बोलले नाहीत. गाडी काढून गेले. सकाळी टेबलावर सात आयर्न, प्रत्येकीवर मालकाच्या नावाची चिकटपट्टी. रात्री ओळखीच्यांच्या घरोघरी फिरले होते. त्यांचे आभार मी नीट मानलेच नाहीत, आज फार जाणवलं.

तुमचा पहिला दिवस कसा गेला? लिहा ना.

रानवाट
मला विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवर विचारलं कशासाठी आलात, मी म्हटलं शिकवायला. ४० मिनिटं बाजूच्या खोलीत. बऱ्याच देशांत शिकवणं हे काम धरतात, मानधन असो वा नसो. व्हिसा कुठला लागेल ते आयोजकांकडून आधी लेखी घ्या. आमंत्रणपत्र छापील हवं, खर्च कोण करतंय ते त्यात हवं, आणि उचलला जाईल असा एक फोन नंबर. माझ्या पत्रावर होता तो कार्यालयाचा, आणि त्या दिवशी रविवार.

अर्धविराम
बापरे रविवार!

आमच्याकडे किल्ल्या बदलल्या. म्हणजे कीबोर्डच्या. फ्रेंच मांडणीत आकड्यांसाठी शिफ्ट दाबावं लागतं, पासवर्ड तीनदा चुकला. मग फाइल उघडली तर सगळा डेटा एकाच रकान्यात, कारण तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि रकाने तोडायला अर्धविराम, माझ्या फाइलमध्ये रकाने स्वल्पविरामाने तोडलेले. (आयडी तेव्हाच सुचला.)

घडीमोड
ताई, तुमची आयर्न तसे माझे कागद. पूर्ण पहिलं सत्र ए-४ वर बेतलेलं. त्याच्या बाजूंचं गुणोत्तर १.४१४, अर्धा केला तरी तेच, पुन्हा अर्धा केला तरी तेच, मुलांना मोजून शोधायला लावायचं. वजन नको म्हणून कागद नेले नाहीत. तिथे मिळाला लेटर साइझ, ८.५ बाय ११ इंच. गुणोत्तर १.२९, अर्धा केला की १.५५. सगळं फसलं असं वाटलं. तरी मोजायला लावलंच. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, तिने दोनदा घडी घातलेला कागद मूळ कागदावर कोपऱ्याला कोपरा लावून धरला. परत १.२९! मग सगळा वर्ग वाट्टेल त्या आकाराचे कागद फाडून तपासत बसला. माझ्या तयारीत हे नव्हतंच. आता मी ते सत्र लेटर साइझनेच सुरू करते.

पाटीपेन्सिल
घडीमोड, काय सुंदर! अंगावर काटा आला.

ऐलतीर
विषय थोडा वेगळा, माझी मुलगी पुढच्या महिन्यात जातेय शिकवायला, पूर्वेकडे, साडेपाच तासांचा फरक. पॉवर बँक कुठल्या बॅगेत?

रानवाट
हातातल्या. चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॉट-अवर. तरी विमान कंपनीचा नियम बघा.

घडीमोड
आणि एक दिवस आधी पोचू दे तिला. पूर्वेला जाताना जास्त जड जातं, शरीराचं घड्याळ लवकर झोपायला तयार होत नाही. पोचल्यावर सकाळच्या उजेडात चालायला सांगा.

ऐलतीर
सांगते. खूप आभार दोघांचे.

सांजवेळ
दुभाषी असेल तर साहित्य निम्मं करा. एक वाक्य आपलं, एक त्यांचं, दीड तासात पाऊण तासाचंच होतं. हे मला पोचल्यावर कळलं, रात्री बसून अर्ध्या स्लाइड काढल्या, प्रत्येक काढताना जीव तुटत होता. तिसऱ्या दिवशी आमच्या दुभाषी बाई माझं वाक्य संपायच्या आत बोलू लागल्या आणि मुलं हसू लागली. काय सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, तुमचंच उदाहरण, फक्त इथल्या नदीचं केलं. त्यानंतर मी रोज उदाहरणं आधी त्यांना विचारूनच ठरवली.

खडूधूळ
ताई ती आयर्न टाकू नका हां. आमच्या शाळेत दोनच आहेत, ३० मुलं.

पाटीपेन्सिल
तुम्हालाच देते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते पत्त्यासाठी. आधी एकेक लावून बघते, इतक्या वर्षांनी तापतात का ते. आणि त्या सहायकांना आत्ताच मेल लिहिली, बॅगेचा फोटो जोडून.