होकार देऊन मनात कुढणे: ही सेवा की लोकांची भीती?

प्रश्न (ऐरोलीची वाचक)

जय ख्रिस्त. मी ऐरोलीत राहते, महापे येथे नोकरी करते आणि आमच्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेते. लहानपणापासून माझ्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही. चार महिन्यांपूर्वी चुलत दिरांनी कर्जाला जामीन राहण्याची गळ घातली. जाऊबाई समोर बसल्या होत्या, आणि नकार दिला तर सासरी काय बोलतील या एकाच विचाराने मी घरी ह्यांनाही न विचारता सही केली. आता दोन हप्ते थकले आहेत आणि बँकेचे फोन मला येतात. मंडळीतही तेच होते: नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी हसतमुखाने घेते आणि घरी येऊन मुलांवर चिडते. प्रभूने तर स्वतःला नाकारून मागे येण्यास सांगितले आहे. मग नकार देणे हा स्वार्थ ठरत नाही का?

उत्तर १ (नौपाडा, निवृत्त शिक्षक)

ताई, बायबलमधील रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल शेजाऱ्याला संतुष्ट करण्यास सांगतो, पण ते त्याच्या हितासाठी आणि उन्नतीसाठी असावे, असे त्याच वचनात जोडतो. गलतीकरांस लिहिताना मात्र तो म्हणतो की, मी अजूनही माणसांची मर्जी राखत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो. तेव्हा हित कोणाचे, हे आधी पाहावे. तुमच्या सहीने दिरांचे हित झाले नाही. ज्यांना हप्ते झेपत नव्हते त्यांच्या डोक्यावर कर्ज मात्र चढले. ती सही जाऊबाईंच्या मनातील आपल्या चांगुलपणासाठी होती. हे बोलणे कठोर वाटेल, पण मीही आयुष्याची कित्येक वर्षे याच मोहात घालवली, म्हणून लिहितो. स्वतःला नाकारण्यात आपले चांगले नाव सोडून देणेही येते, आणि बहुधा तेच शेवटपर्यंत सुटत नाही.

जामिनकीविषयी तर बायबलमधील नीतिसूत्रांच्या ६व्या अध्यायात थेट सल्ला आहे: आपल्याच शब्दांत सापडलेल्याने डोळ्याला डोळा न लागू देता त्या माणसाकडे जावे, नम्र व्हावे, विनवणी करावी आणि पारध्याच्या हातून हरिणी सुटावी तशी आपली सुटका करून घ्यावी.

उत्तर २ (खारघर)

काकांचे म्हणणे मला पटते, परंतु वचन समजले की भीती जाते, असा माझा अनुभव नाही. प्रभूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहा. यरुशलेमेत न्यायसभेसमोर उभा असताना, देवापेक्षा तुमचे ऐकणे योग्य आहे काय, असे त्याने अधिकाऱ्यांना विचारले. आणि तोच पेत्र पुढे अंत्युखियात, यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही यहूदी लोक येताच, परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंक्तीतून मागे सरला. त्याच्या पाठोपाठ पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा ओढला गेला आणि पौलाला सर्वांदेखत पेत्राला बोलावे लागले. शत्रूंपुढे न डगमगलेला माणूस आपल्याच लोकांपुढे डगमगला, कारण आपल्यांची नापसंती अधिक बोचते. पंक्तीला कोण बसले आणि कोण उठले याचा अर्थ आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्यांची भजने आपण उपासनेत गातो त्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तच दुरावले आणि लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या.

मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: कोणी काही मागितले की त्या दिवशी उत्तर द्यायचे नाही. कफर्णहूमात 'सर्व लोक आपला शोध करीत आहेत' असा निरोप आला तेव्हा प्रभू पहाटेच एकांतात प्रार्थनेला गेला होता, आणि त्याने शोधणाऱ्यांकडे न परतता आसपासच्या गावांचा रस्ता धरला. त्या गर्दीतही गरजू असणारच, हा विचार मला फार धीर देतो.

उत्तर ३ (वाशी, बँकेतून निवृत्त)

फक्त व्यवहाराचे सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे फोन टाळू नका. बँकेशी लेखी बोला, दिरांना सोबत न्या आणि घरी आजच सांगा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. त्याच रात्री ह्यांना सगळे सांगितले. रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघे दिरांकडे कळव्याला गेलो. माझा आवाज कापत होता, तरी हप्ते तुम्हीच भरायचे आणि दुसरा जामीनदार चालेल का हे बँकेत सोबत येऊन विचारायचे, असे मी स्पष्ट सांगितले. दीर मान खाली घालून 'हो' म्हणाले. जाऊबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. परतताना गाडीत रडू आले, पण त्या रात्री मुलांवर ओरडले नाही. नाताळच्या कार्यक्रमाविषयी पाळकसाहेबांशी अजून बोलायचे आहे, आणि येत्या रविवारी जाऊबाई आमच्याच मंडळीत बाळाच्या अर्पणविधीला येणार आहेत. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसणार आहे. त्यासाठी कृपया प्रार्थना करावी.